नखांची ओळ

ट्रक आला तेव्हा सुईण सिस्टरच्या खोलीत केर काढत होती. सिस्टर आपल्या देशी जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण त्या खोलीचा केर कधी चुकला नव्हता. धूळ माणसाची वाट बघत नाही, असं सुईण म्हणायची. ही बाई धुळीपेक्षा हट्टी आहे, असं गाव म्हणायचं.

ट्रकमधून ड्रायव्हर उतरला आणि मागून दोन हमाल. कुणाला काही न विचारता त्यांनी पुढच्या खोलीतली बाळंतिणीची खाट उचलली आणि दारातून आडवी-तिडवी करत बाहेर काढली. चौकटीचा चुना खरवडला गेला. तो चुना सुईणीनं स्वतःच्या हातानं लावला होता.

"अरे, अरे! कुठं नेताय?"

"जागा विकली, मावशी. इथं गोदाम होणार आता. सामान शहरात पोचवायचंय."

"सिस्टरला विचारलंत?"

ड्रायव्हर जरा विचारात पडला. "कोण, त्या गोऱ्या बाई? त्या तर कधीच वारल्या. तिकडंच, त्यांच्या देशात. मिशनच्या ऑफिसात फोटो लावलाय की त्यांचा."

सुईण मटकन दुसऱ्या खाटेवर बसली. हमाल डोकं खाजवत म्हणाला, "उठता का जरा? ही पण न्यायचीये."

ती उठली.

"साहेब सांगत होते," ड्रायव्हर दोर आवळत बोलत राहिला, "बाईंनी उभा जन्म इथं घातला, पण इथं काही उगवलंच नाही. प्रार्थनेला धड चार डोकी जमायची नाहीत म्हणे. म्हणून मग बंद केलं." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ऐकलेलं तो सांगत होता.

कोनाड्यातलं हात धुवायचं, निळ्या काठाचं पांढरं तसराळं तेवढं सुईणीनं छातीशी धरलं होतं. हमालानं हात पुढं केला, तशी ती म्हणाली, "याची कड उडालीय." त्यानं बघितलं आणि सोडून दिलं. मोडकं असलं की माणसाजवळ राहतं, चांगलं असलं की ट्रकमध्ये जातं.

सिस्टर समुद्रापलीकडून आली तेव्हा सुईण नवी नवरी होती. नदीकाठी दोन खाटांचं बाळंतघर मांडून ती बाई बसली. पहिल्या वर्षी हसायला सगळे आले, बाळंत व्हायला कुणीच नाही. मग एक अडलेली आली, तिची सुटका झाली, आणि हसणारे हळूहळू गप्प झाले. सुईण तिच्या हाताखाली शिकली. "तू माझा हात आहेस," सिस्टर म्हणायची. सुईण सिस्टरच्या देवाची झाली का, हे गावाला कधी नीट कळलं नाही. खरं सांगायचं तर सुईणीलाही कळलं नव्हतं. पण सिस्टरची मात्र ती पुरती झाली होती.

आजारी पडून निघाली तेव्हा सिस्टर "येते" म्हणाली. निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे सुईणीनंच तिला शिकवलं होतं. शिकवलेलं बोलली की शब्द देऊन गेली, हे आता विचारायचं कुणाला? सुईण शब्द धरून बसली. केर काढत राहिली. आणि तिकडं ती केव्हाच मातीआड झाली होती, आणि एवढ्या मोठ्या ऑफिसातून कुणाला एक तोंडी निरोप धाडायचं सुचलं नव्हतं.

बाळंतघराला लागूनच तिचं घर होतं; नवरा अंगणात चटई विणत होता. त्याचा उजवा गुडघा वाकायचा नाही, म्हणून तो पाय समोर लांब टाकून बसायचा आणि त्या पायालाच ताण देऊन दोरी ओढायचा. जवानीत तो या काठावरचा सगळ्यात चपळ लव्हाळं कापणारा होता. आता गाव त्याला चटईवाला म्हणायचं.

"सिस्टर गेली," सुईण म्हणाली. "आत्ता नाही. कधीचीच."

चटईवाल्याचे हात थांबले. मग त्यानं दातातली काडी काढली. "बस. पाणी पी."

"पाणी कसलं प्यायचं? मी तिचा हात होते ना? माणूस मेलं तर हाताला कळवत नाहीत वाटतं." तिनं तसराळं ओट्यावर आदळलं. "आजपासून तिचं ते म्हणणं बंद. हात धुवीन, पण मुक्यानं."

ते म्हणणं म्हणजे सिस्टरची प्रार्थना. गावात तेव्हा घड्याळं नव्हती, आणि बाळंतिणीला हात लावण्याआधी हात किती वेळ धुवायचे हे बायकांना सांगणार कसं? म्हणून सिस्टरनं आपली रोजची प्रार्थना हातांना वाटून दिली होती. पहिली ओळ तळव्यांना. मग हातांची पाठ, मग बोटांच्या बेचक्या. पोटापुरतं मागायची ओळ अंगठ्यांना. त्याच्यापुढची ओळ अशी, की ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना आपण माफ करून सोडून दिलं, तसं देवानं आपल्यालाही सोडावं. ती नखांना. ब्रश घेऊन एकेक नख घासायचं, म्हणून ती सावकाश म्हणायची. उरलेलं कोपरापर्यंत. प्रार्थना संपल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, मग आत बाई कितीही ओरडो.

सुईण ती नखांची ओळ म्हणत नव्हती. कित्येक वर्षं म्हणत नव्हती.

त्याला कारण चटईवाल्याचा गुडघा. नदीच्या मधोमध वाळूचा एक पट्टा होता, त्यावर चांगलं लव्हाळं यायचं. अलीकडचे म्हणत आमचं, पलीकडचे म्हणत आमचं. एका सकाळी पलीकडच्या एकानं काठी घातली ती बरोबर गुडघ्यावर. लोक त्याला तेव्हापासून काठीवाला म्हणतात. सिस्टरनं पाय बांधला, रोज येऊन पट्टी बदलली, पण वाटी फुटली ती फुटलीच. त्यानंतर सुईण पहिल्यांदा हात धुवायला बसली आणि नखांपाशी तिची जीभ अडली. तिनं अंगठ्यांचीच ओळ पुन्हा म्हटली, नखं त्यातच उरकली. शेजारी हात धुणाऱ्या सिस्टरनं मान वर करून तिच्याकडं बघितलं होतं. बोलली मात्र काही नाही.

त्याच वर्षी आणखी एक झालं. तसराळी दोन होती, त्यातलं एक नाहीसं झालं. सिस्टर म्हणाली, "असेल कुणाला तरी गरज, जाऊ दे." पण सुईणीला कसं जाऊ देववेल? आदल्याच दिवशी तिची धाकटी जाऊ बाळंतघरात येऊन तसराळ्यावरून हात फिरवून गेली होती. सुईणीनं पाणवठ्यावर, सगळ्या बायकांदेखत, तिला चोरटी म्हटलं. सिस्टरला यातलं काही तिनं कळू दिलं नाही. दोन घरांत भिंत एकच होती, पण त्या दिवसापासून बोलणं बंद. जाऊ तिन्ही बाळंतपणांना माहेरी गेली. शेजारच्या सुईणीला तिनं हाक मारली नाही.

यंदा नदी आटली, पात्र सरकलं. भांडण मात्र जागच्या जागी राहिलं. अलीकडच्या काठाचं लव्हाळं खुरटून पिवळं पडलं होतं आणि मधल्या पट्ट्यावर डोक्याएवढं उभं होतं. व्यापाऱ्याची गाडी चटया न्यायला येणार होती आणि चटईवाल्यापुढं काड्यांचा नुसता चुरा होता.

"मी पहाटे जाऊन कापतो," मुलगा म्हणाला. "ते उठायच्या आत परत."

"एकटा कापशील की बांधशील?" बाप म्हणाला.

"मी येते," सून म्हणाली. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल सहाव्या महिन्यातच गेलं होतं, तेव्हापासून सुईण तिला घागरसुद्धा उचलू देत नव्हती.

"तू घरात बसायचं."

"इथं बसते तशी तिथं बसेन, आई. बसल्या बसल्या भारे बांधीन. गाडी रिकामी गेली तर पुढं काय खायचं?"

बाळंतपणाचं सुईणीला सगळं कळत होतं, पण भुकेपुढं तिचं काही चालत नव्हतं. "जास्त वाकू नकोस," एवढंच म्हणाली. दोघं विळे घेऊन गेली.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा मुलगा धावत आला. कमरेपर्यंत ओला, हाताला लव्हाळ्याचे काप.

"आई, तिचं पाणी गेलं. मी उचलून आणत होतो, पण तिला पायच टाकवेना. तेवढ्यात पलीकडच्या बायका आल्या. त्यांनी नेली."

"कुणाच्या घरी?"

मुलानं बापाकडं बघितलं. "काठीवाल्याच्या."

सुईणीनं पिशवी घेतली. कात्री, दोरा, धुतलेली फडकी, ब्रश.

"लवकर जा," चटईवाला म्हणाला. "त्या घरची सून जाणती आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

उत्तरासाठी थांबायला तिला वेळ नव्हता.

गुडघा मोडल्यापासून तिनं ती नदी ओलांडली नव्हती. पाणी मांडीपर्यंतच होतं, पण तळाचे गोटे शेवाळलेले. दोनदा पडली. पिशवी डोक्यावर धरून ती चालत होती आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होती. मुलाला, व्यापाऱ्याला, काठीवाल्याला आणि सगळ्यात जास्त सिस्टरला. अशा वेळी सोबत असायला हवी होती ती. येते म्हणाली होती.

अंगणात काठीवाला बसला होता. दोन्ही डोळे पांढरे, हनुवटी काठीवर टेकलेली. पायांचा आवाज ऐकून त्यानं तोंड वळवलं. "कोण?"

सुईण त्याच्यापुढून निघून गेली.

पडवीत एक बाई पाठमोरी बसून हात धुत होती. तिशी-पस्तिशीची असेल, दंड भरलेले, कोपरापर्यंत साबणाचा फेस. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. आतून सुनेचं कण्हणं येत होतं, तरी बाई घाई करत नव्हती. सुईण जवळ गेली आणि तिथंच उभी राहिली.

बाई बोटांच्या बेचक्या घासत होती आणि बेचक्यांची ओळ म्हणत होती. मग अंगठ्यांची. मग ब्रश घेतला आणि एकेक नख घासत, सावकाश, नखांची. एक शब्द इकडचा तिकडं नाही. थांबे सुद्धा सिस्टरचे.

तिच्यापुढं निळ्या काठाचं पांढरं तसराळं होतं.

"हे कुठून आलं?" सुईणीनं विचारलं.

बाईनं कोपर धुऊन झाल्यावरच मान वर केली. "आलात, मावशी? बरं झालं. मूल पायाकडून आहे. मला एकटीला नाही निभायचं."

"हे तसराळं कुठून आलं?"

"सासूबाईंचं. सिस्टरनं दिलं त्यांना."

"सिस्टर इथं कशाला येईल?"

"पहाटे यायच्या ना. उजाडायच्या आत परत. सासूबाई अडल्या होत्या, तेव्हा पहिल्यांदा आल्या. त्यातच माझे यजमान जन्मले. मग सासूबाईंना शिकवलं, सासूबाईंनी मला. आता वरच्या गावांतल्या झाडून सगळ्या बायका असंच धुतात."

"कधी अडली होती तुझी सासू?"

बाईनं सुईणीकडं नीट बघितलं. ती कुणाची बायको आहे हे तिला माहीत होतं. "त्याच वर्षी," ती हळू म्हणाली.

म्हणजे दिवसा तिकडं पट्टी बदलायची आणि पहाटे इकडं यायचं. ज्यानं गुडघा फोडला त्याचं पोर काढायला. आणि दोन्हीच्या मध्ये शेजारी बसून हात धुवायचे, अगदी शांतपणे, आणि शब्दानं बोलायचं नाही. सिस्टर मेली हे ऐकून झालं नव्हतं एवढं दुःख तिला आता झालं. मेलेलं माणूस निदान आपलं तरी असतं. हे तर आपलं कधी नव्हतंच.

"कुणाची प्रार्थना आहे ही, माहीत आहे का तुला?"

"हात धुण्याची," बाई म्हणाली. "धुवा लवकर."

आतून सून ओरडली, "आई!" ती सासूचाच आवाज ओळखून ओरडत होती.

सुईण बसली. मुक्यानं धुवायचं ठरवलेलं, पण हात पाण्यात गेले तशी जीभ आपोआप सुटली. तळवे, पाठ, बेचक्या, अंगठे. अंगठ्यांची ओळ तिनं दोनदा म्हटली, भराभर ब्रश मारला, कोपर धुतले आणि उठली.

बाई दारात आडवी उभी होती. "झालं नाही, मावशी."

"झालं."

"नखांची ओळ राहिली."

"नखं घासली मी."

"ओळ राहिली. ओळीशिवाय हात लावायचा नाही. सासूबाई मलाही परत बसवायच्या."

"माझी सून आहे ती! सर बाजूला!"

"तुमची सून आहे म्हणूनच," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिच्या लेखी ती नुसती नखांचीच ओळ होती. काठीवाल्याची सून, काठीवाल्याच्या दारात उभी राहून, चटईवाल्याच्या बायकोला काय म्हणायला सांगत होती, हे तिच्या ध्यानातही आलेलं दिसत नव्हतं.

अंगणात म्हातारा खोकला. आत सून पुन्हा ओरडली, या वेळी नुसता आवाज, शब्द नाही.

सुईण परत बसली. ब्रश घेतला. पहिलं नख, दुसरं नख. ती ओळ इतक्या वर्षांत विसरली असेल असं तिला वाटलं होतं. कुठली विसरतेय? जिथं सोडली तिथंच बसून राहिली होती. तिनं ती म्हटली. मनातून नाही, नुसती तोंडातून. डोळ्यांतलं पाणी फेसात पडत होतं आणि ते रागाचं होतं. शेवटचं नख झालं तेव्हा बाईनं स्वच्छ पाणी ओतलं आणि बाजूला झाली.

मूल काढायला दोघींचे चारही हात लागले. एकीनं पोट वरून दाबून धरलं, एकीनं फडक्यात बाळाचे पाय धरले, न ओढता, वाट बघत. वाट बघणं हेच सगळ्यात कठीण. सुनेची नखं बाईच्या दंडात रुतली, रक्त आलं, बाई हलली नाही. डोकं अडलं तेव्हा सुईणीनं बोट आत घालून हनुवटी खाली वळवली. मुलगी बाहेर आली ती निळसर. दोघींनी तिला चोळली, उलटी धरली. मग ती बारीक आवाजात रडायला लागली, कुणीतरी तिला फसवून आणल्यासारखी.

"काय झालं?" अंगणातून म्हाताऱ्यानं विचारलं.

"मुलगी," बाई ओरडली. "दोघी नीट आहेत."

"त्याचा पाय कसा आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. सुईण फडकी पिळत दारात आली. "वाकत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुनेला खाटेवर घालून नदी ओलांडली. पुढं अलीकडचे दोघं, मागं पलीकडचे दोघं, आणि चौघंही एकमेकांशी अवाक्षर न बोलता. कापलेले भारे मात्र पलीकडच्यांनी ठेवून घेतले. बाळ तुमचं, लव्हाळं आमचं, असा त्यांचा हिशेब. निघताना बाईनं विचारलं, "तसराळं हवंय का परत, मावशी?"

"राहू दे," सुईण म्हणाली. "एक आहे माझ्याकडं."

घरी चटईवाल्यानं नातीला मांडीवर घेतलं. न वाकणाऱ्या पायावर ती फळीवर ठेवल्यासारखी निजली.

"तुम्हाला ठाऊक होतं," सुईण म्हणाली. "त्या घरची सून जाणती आहे, म्हणालात."

"सिस्टरनं मला विचारलं होतं. पट्टी बांधताना. म्हणाली, त्याची बायको अडलीय, मी जाऊ का? तू नको म्हणालास तर नाही जाणार."

"आणि तुम्ही जा म्हणालात?"

"पाय माझा होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"ती म्हणाली होती, तूच सांग. मी रोज म्हणायचो, उद्या सांगू. पण तू हात धुवायचीस, ते मला ऐकू यायचं की. एक ओळ रोज कमी. म्हटलं, ओळ परत येईल तेव्हा सांगू." त्यानं पोरीच्या कपाळावरची माशी उडवली. "ती आलीच नाही."

सुईणीला वाटलं, याचा दुसरा पायही आपण मोडावा. सिस्टरनं फसवलं, ऑफिसानं फसवलं, आणि ज्याच्यासाठी इतकी वर्षं ती ओळ गिळली, तो इथं बसून रोज ऐकत होता. त्यानं तर केव्हाच सोडून दिलं होतं. गुडघ्याचं ओझं ती एकटीच वाहत होती, आणि कुणी सांगितलंही नाही की बाई, उतरव.

ती उठून बाहेर आली. रडायला जागा हवी होती, पण अंगणात ओट्यावर ते तसराळंच होतं, कड उडालेलं. तिनं ते उचललं, साबण घेतला, ब्रश घेतला, चुलीवरचं गरम पाणी घेतलं आणि भिंतीपलीकडच्या दारात जाऊन उभी राहिली.

जाऊ धान्य निवडत होती. केस पांढरे झाले होते. भिंतीपलीकडं राहून सुईणीनं ते कधी धड बघितलं नव्हतं.

"तसराळं सापडलं," सुईण म्हणाली.

जाऊनं सूप खाली ठेवलं नाही. "मी हरवलं नव्हतंच."

"सिस्टरनं दिलं होतं पलीकडं."

"बरं."

"चोरटी म्हटलं होतं मी तुला."

"माहीत आहे मला काय म्हटलं होतं. पाणवठ्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. माझ्या लेकीच्या सासरीसुद्धा माहीत आहे." सूप पाखडायचा आवाज आला, एकदा, दोनदा. मग थांबला. "पोरगी कुणासारखी आहे?"

"बघायला ये. पण आधी हात धुवावे लागतील."

जाऊ उठली. उंबऱ्यावर बसली आणि हात पुढं केले. सुईणीनं पाणी ओतलं, साबण दिला आणि एकेक ओळ सांगू लागली. जाऊ तिच्यामागून म्हणत गेली. तळवे, पाठ, बेचक्या, अंगठे. मग सुईणीनं ब्रश तिच्या हातात दिला आणि गप्प झाली.

जाऊनं पहिल्या नखावर ब्रश ठेवला आणि वाट बघत राहिली. "पुढं?"

काल तिकडं ही ओळ सुईणीनं सोडून देणारी म्हणून म्हटली होती, दात खाऊन. त्यात आपल्याला सोडावं असं मागणंही आहे, हे तेव्हा तिला दिसलं नव्हतं. ती खालमानेनं काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं म्हणा, जाऊबाई," जाऊ म्हणाली. "पाणी गार होतंय."